हळद, लिंबू आणि गोधडीचा ओटा

नांदूरघाटच्या पेठेत रेवणसिद्ध अप्पांचं किराणा दुकान आहे. पाटीवर नाव त्यांच्या आजोबांचं, गल्ल्यावर बसतात अप्पा, आणि दुकान चालवते त्यांची बायको मल्लम्मा. हे गावाचं म्हणणं. अप्पांना विचारलं तर तेही नाकारत नाहीत.

मल्लम्मा उदगीरकडची. उंच, काटक, आवाज खणखणीत. कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घ्यायची नाही, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. तूरडाळ ती दाताखाली धरून बघायची. साडीचा एक धागा ओढून काडीनं पेटवायची आणि वास घेऊन सांगायची की यात सूत किती नि काय किती. घागर घेताना टिचकी मारून कान लावायची, आणि कान लावला की भांडेवाल्याचा चेहरा उतरायचा. तिला बघायला रेवणसिद्ध अप्पा आले तेव्हा तिनं सगळ्यांना चहा दिला आणि नवरदेवाच्या कपात मुद्दाम साखर घातली नाही. अप्पांनी एक घोट घेतला, कपाकडं पाहिलं आणि गुपचूप सगळा चहा पिऊन टाकला. वर बशी पुढं करून आणखी अर्धा कप मागितला. त्यांना वाटलं, या घरात असाच पितात. मल्लम्मानं आत जाऊन आईला सांगितलं, "चालंल. ह्यो टिकंल."

अप्पा टिकले. पण अप्पांचा एक शब्द होता, 'बघू'. घरात गॅस आला तेव्हा शेगडी एका लाकडी टेबलावर ठेवली होती. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. पुरणाचं पातेलं ढवळताना टेबलही ढवळायचं. मल्लम्मा म्हणायची, एक पक्का ओटा बांधून घ्या. अप्पा म्हणायचे, बघू. पुठ्ठे बदलत गेले, टेबल तेच राहिलं. पण ती गोष्ट पुढं येईल. आधी दुसऱ्याच एका ओट्याची सांगायची आहे.

दोन हजार बाराचा पावसाळा आला तसा निघून गेला. दिवाळीला विहिरींचे तळ दिसायला लागले आणि संक्रांतीनंतर गावाला टँकर सुरू झाला. जनावरांना चारा राहिला नाही तशी गावाबाहेरच्या माळावर छावणी उघडली. गावच्या सेवा सोसायटीनं ती चालवायला घेतली होती आणि सोसायटीचे चेअरमन होते अर्जुनराव. अर्जुनराव म्हणजे गावातली मोठी असामी. जमीन भरपूर, शब्दाला वजन, आणि डोक्यात एकदा काही बसलं की ते उठवायला चार माणसं लागायची. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं बैलं-म्हशी घेऊन छावणीत येऊन राहिली. जनावरांना वैरण मिळायची, पण राखणाऱ्या माणसांच्या पोटाचं काय? कुणी घरून भाकरी बांधून आणायचं, ती दुपारपर्यंत वाळून कडक व्हायची. कुणी नुसती बिस्किटं खाऊन दिवस काढायचं.

गावात बायकांची एक सहकारी संस्था होती. उन्हाळ्यात पापड-कुरडया करायच्या, सुगीत मसाला कुटायचा, एवढंच तिचं काम. अध्यक्ष होत्या अर्जुनरावांच्या पत्नी सत्यभामाबाई, आणि मल्लम्मा सभासद. सत्यभामाबाईंनीच बैठकीत विषय काढला की छावणीतल्या माणसांना संस्थेनं रोज गरम भाकरी-पिठलं द्यावं. कमी दरात द्यावं, पण द्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जागेचीही सोय होती. सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं, कारण त्या साली खत घेणार कोण?

अडचण एकच होती. गोदामाची जमीन खतानं खाऊन टाकली होती. जागोजागी पोपडे, खड्डे, आणि कितीही झाडा, वास काही जाईना. तिथं खाली बसून भाकरी करणं शक्य नव्हतं. म्हणजे उभ्यानं काम करायचं, आणि त्यासाठी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटा पाहिजे. रोज शेकडो भाकऱ्या, चार-चार शेगड्या, खाली उतरवलेले तापलेले तवे, सांडलेलं पिठलं, वाटलेला ठेचा. हे सगळं झेलणारा ओटा. आणि संस्थेची शिल्लक पाहिली तर त्यात धड एक बैलसुद्धा आला नसता.

अर्जुनरावांनी परस्पर निकाल लावला. पांढरा मार्बल बसवायचा. बीडला कुणाच्या तरी बंगल्यात त्यांनी तसला ओटा पाहिला होता, दुधासारखा. शिवाय गेवराईला त्यांच्या मेहुण्याचं, म्हणजे सत्यभामाबाईंच्या भावाचं, गहिनीनाथचं फरशीचं दुकान होतं आणि त्याच्याकडं मार्बल पडून होता. उद्घाटनाला मोठा पाहुणा येणार, फोटो निघणार, तर काहीतरी चकचकीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

हे त्यांनी बायकांच्या बैठकीत येऊन सांगितलं. मग मल्लम्मा उभी राहिली.

"दादा, फोटू एक दिवस निघंल. भाकरी रोज थापायची हाय. आपल्याला वटा पाहिजे, आरसा न्हाई."

अर्जुनरावांनी विचारलं, मग तुमच्या मनात काय आहे? मल्लम्मानं खरं ते सांगितलं, की तिला ठाऊक नाही. सगळ्या जातीचे दगड आणू, त्यांना आपल्या स्वयंपाकाचा मार देऊ, जो टिकेल तो घेऊ. बायका हसल्या, पण सत्यभामाबाईंना ते पटलं. भावाच्या दुकानातला माल खपला तर त्यांना हवाच होता, पण उद्या ओटा खराब झाला तर गावभर नाव त्यांचंच होणार होतं.

दोघी सकाळच्या एसटीनं दगड आणायला गेवराईला निघाल्या. पालीजवळ बिंदुसरेचं धरण खिडकीतून दिसलं तेव्हा सगळी गाडी त्या बाजूला झुकली. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यावरून एकजण सरळ सायकल चालवत पलीकडं चालला होता. बीडला गाडी बदलून त्या गेवराईच्या रस्त्याला लागल्या.

गहिनीनाथच्या दुकानाआधी हायवेवर एक दुसरं दुकान लागतं, तिथं दोघी उतरल्या. दुकानदारानं काळाभोर ग्रॅनाइट दाखवला. भाव ऐकून सत्यभामाबाईंचे डोळे चमकले, इतका तो स्वस्त होता. मल्लम्मानं पिशवीतून नेलपॉलिश पुसायच्या औषधाची बाटली काढली. ती तिनं निघताना स्वतःच्याच दुकानातून घेतली होती. दुकानदार म्हणाला, बाई, नखं रंगवायला आलात का दगड घ्यायला? मल्लम्मानं चिंधीवर औषध ओतून दगडाचा कोपरा घासला. चिंधी काळी झाली आणि दगडावर राखाडी डाग उमटला. दगड मुळात राखाडीच होता, वरून रंग चोपडलेला. उदगीरला तिच्या भावाचा ओटा असाच काळ्याचा करडा झाला होता आणि तेव्हापासून भावजय रोज सकाळी त्याच्याकडं बघून सुस्कारा सोडायची. दुकानदार चिंधीकडं बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता, की फसवणारा तो, का त्यालाच कुणी फसवलं होतं, हे दोघींना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी त्याचा निरोप घेतला.

गहिनीनाथचं दुकान म्हणजे दुष्काळाचं दुसरं रूप होतं. बांधकामाला पाणी नाही, त्यामुळं घरं बांधणं थांबलेलं. अंगणात दगडांच्या लाद्या रांगेनं उभ्या आणि त्यावर बोटभर धूळ. गहिनीनाथ खुर्चीत बसून स्वतःलाच वारा घालत होता. बहीण आलेली पाहून त्याला आनंद झाला, पण तिला दगडाचे फक्त तुकडे पाहिजेत हे ऐकून तो जरा खट्टू झाला. तरी त्यानं सगळे दिले. पांढरा मार्बल, काळा कडप्पा, शहाबादी, कोटा, एक चिनी मातीची टाइल आणि ग्रॅनाइटचा तुकडा. सगळे एका पोत्यात भरले.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं पोतं पायानं ढोसलं आणि विचारलं, "मावशी, काय हाय ह्यात?"

"दगड," मल्लम्मा म्हणाली.

कंडक्टरला वाटलं, बाई चिडली. त्यानं निमूटपणे तिकिटं फाडली आणि पोत्याचं भाडंही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दुकानाच्या कट्ट्यावर सगळे तुकडे ओळीनं मांडले. गावात तेव्हा कामं नव्हती. शेतं वाळलेली, बाजार सुनासुना, त्यामुळं दगडांची परीक्षा बघायला निम्मी पेठ लोटली. मल्लम्मानं प्रत्येक दगडावर एक थेंब पाणी आणि एक थेंब गोडेतेल टाकलं. दुसऱ्या बाजूला तेलात कालवलेली हळद थापली. तिसऱ्या ठिकाणी लिंबाची फोड पालथी घातली. हळद, तेल, लिंबं सगळं अप्पांच्याच दुकानातलं. अप्पा गल्ल्यावरून बघत होते. लिंबू कापलं गेलं तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले, कारण त्या उन्हाळ्यात लिंबाचा भाव सोन्याशी बोलत होता.

सकाळी सगळं धुऊन पाहिलं. शहाबादीनं तेल असं पिऊन टाकलं होतं की जणू तिलाही दुष्काळाचीच तहान होती. तेलाचा डाग काही केल्या निघेना. कोट्यानं बऱ्यापैकी तग धरला, पण लिंबाखालची त्याची झिलई उडाली. टाइलला कशाचाच डाग पडला नव्हता. कडप्पा लिंबानं थोडा फिका पडला होता. ग्रॅनाइट आदल्या दिवशी होता तसाच. आणि पांढरा मार्बल पिवळाधमक झाला होता, शिवाय लिंबाच्या फोडीएवढं गोल खरखरीत वर्तुळ त्यावर कायमचं उमटलं होतं.

नेमके तेव्हाच अर्जुनराव तिथं आले. गर्दीनं वाट दिली. त्यांनी मार्बल उचलला, लुगड्याच्या पदराला पुसावा तसा धोतराच्या सोग्याला पुसून पाहिला. सोगा पिवळा झाला, मार्बल पांढरा झाला नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"हळद लागली बे ह्याला," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. "आता ह्याचं लगीन लावा अन् घरी पाठवा."

आणि ते स्वतःच मोठ्यानं हसले. मग सगळी पेठ हसली. मल्लम्माला त्या दिवसापासून अर्जुनराव आवडायला लागले.

पुढची पाळी तापल्या तव्याची. चुलीवरून लाल झालेला तवा सरळ एकेका दगडावर ठेवायचा. टाइल तडकली. कडप्पा सुरुवातीला शांत राहिला, पण दगडाबाईनं त्यावर वरवंटा सोडला तेव्हा एका सरळ रेषेत दुभंगला, कुणी करवतीनं कापावा तसा. दगडाबाई म्हणजे गावातल्या भाकरीची महाराणी. एकटी बाई, बुटकी, गोल चेहऱ्याची, हात इतका चपळ की भाकरी तव्यावर कधी पडली ते दिसायचं नाही. तिला दगडांच्या परीक्षेत भलताच रस आला होता. वरवंट्यानंतर ती घरून विळा घेऊन आली आणि ग्रॅनाइटवर ओरखडे ओढत बसली. ग्रॅनाइटला काही झालं नाही. विळ्याची धार गेली. त्याबद्दल ती मल्लम्माशी दोन दिवस बोलली नाही.

तर पास झाला ग्रॅनाइट. पण एवढ्या लांब ओट्याला पुरेल इतक्या ग्रॅनाइटचा भाव सत्यभामाबाईंनी भावाला फोन करून विचारला आणि आकडा वहीत लिहून सगळ्यांपुढं धरला. भावानं बहिणीसाठी दर पाडला होता, तरी तो संस्थेच्या आवाक्याच्या दुप्पट होता. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, कडप्पाच घालू. कुणी म्हणालं, टाइलच बरी होती. परीक्षा घेऊन काय मिळवलं, असा सूर निघायला लागला.

मल्लम्माला मात्र गहिनीनाथच्या अंगणातली एक गोष्ट आठवत होती. दुकानामागं कुंपणाला लागून कापलेल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. कुणाच्या जिन्यातून उरलेल्या, कुणाच्या खिडकीतून उरलेल्या, काळ्या, लाल, राखी, एक तर चक्क हिरवी. लाद्या विकायच्या धंद्यात अशा पट्ट्यांना कुणी विचारत नाही. ती सत्यभामाबाईंना घेऊन पुन्हा गेवराईला गेली. तिनं गहिनीनाथला विचारलं, ह्या पट्ट्यांचं काय करता? तो म्हणाला, काही नाही, साप येतात त्याखाली. मल्लम्मानं तिथंच, धुळीत, काडीनं ओटा काढला. खाली आधाराला उभ्या कडप्प्याच्या लाद्या, कारण कडप्पा स्वस्त असतो आणि उभा ठेवला की त्याच्यावर वरवंटा पडत नाही. वर ग्रॅनाइटच्या पट्ट्या एकमेकींना लावून. रुंद पट्ट्या शेगडीखाली आणि थापायच्या जागी, अरुंद पट्ट्या कडेला. सांधे कमीत कमी, आणि पाण्याच्या पिंपाजवळ एकही नाही, कारण सांध्यातच घाण बसते.

गहिनीनाथनं धुळीतल्या चित्राभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "आक्का, पट्ट्या अशाच न्या. कडप्प्याचे पैसे द्या. अन् सापाची तेवढी काळजी घ्या."

साप निघाला नाही, एक विंचू निघाला, तो सत्यभामाबाईंनी चपलेनं मारला.

सटवा गवंड्यानं काम हातात घेतलं. सटवाचा हात चांगला, पण बोलणं कमी. ओट्याच्या सिमेंटला पाणी मारायचं तर पाणी कुठून आणायचं, हा त्याचा एकच प्रश्न होता. टँकरचं पाणी त्यासाठी वापरायची कुणाची छाती नव्हती. मग बायकांनी ठरवलं, रोज प्रत्येकीनं घरचं वापरलेलं पाणी आणायचं. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, तोंड धुतलेलं. सटवानं बांधकामावर बारदाना पसरला आणि त्यावर तांब्या-तांब्यानं हे पाणी पडत गेलं. गावात म्हण झाली, की ह्या ओट्यानं बांधता बांधताच सगळ्या घरचं जेवण चाखलंय.

वर पट्ट्या बसल्या तेव्हा ओटा पाहायला लोक आले. काळ्याशेजारी लाल, लालशेजारी ठिपक्यांचा राखी, मधेच हिरवा. कुणाच्या तरी तोंडून निघालं, ही तर गोधडीच की. तेच नाव पडलं. गोधडीचा ओटा.

आणि मग दगडाबाई काम सुरू करायला ओट्यापुढं उभी राहिली.

ओटा तिच्या छातीला लागला. तिनं परात ठेवली, पीठ घेतलं आणि हात वर उचलून थापायचा प्रयत्न केला. ते दृश्य असं होतं की जणू बाई उंच फळीवरचा डबा शोधतेय. भाकरी थापायला वरून जोर लागतो, अख्खं अंग लागतं. दगडाबाईचं अंग ओट्याच्या खालीच राहिलं होतं. तिनं मागं वळून पाहिलं. मागं उभ्या असलेल्या बायकाही बहुतेक तिच्याएवढ्याच.

"म्या काय ह्या वट्यावर चढून बसू?" दगडाबाईनं विचारलं.

सटवाला बोलावलं. उंची कुणी सांगितली? सटवानं मल्लम्माकडं बोट केलं. ज्या दिवशी माप घेतलं त्या दिवशी बाकीच्या सगळ्या छावणीत गेल्या होत्या. त्यानं विचारलं, केवढा? मल्लम्मानं स्वतःच्या कमरेपाशी हात ठेवून सांगितलं, "एवढा." गावातल्या सगळ्या बायकांपेक्षा ती वीतभर उंच होती, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. मल्लम्मा घरी आली आणि दुकानात न जाता आत बसली. हळद पारखली, लिंबू पारखलं, तवा पारखला, रंग पारखला, आणि ज्यांच्यासाठी ओटा त्यांच्याकडं एकदा बघितलं नाही. पट्ट्या आता सिमेंटमध्ये पक्क्या बसल्या होत्या. फोडायच्या तर निम्म्या तुटणार. अप्पांनी डोकावून पाहिलं. ते म्हणाले, जाऊ दे, बघू. त्यावर मल्लम्मानं ज्या नजरेनं पाहिलं, ती बघून अप्पा परत गल्ल्यावर गेले.

संध्याकाळी ती स्वतःच दगडाबाईकडं गेली. दगडाबाई विळ्याला धार लावत होती. मल्लम्मा उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली की चूक माझी झाली, ओटा फोडून खाली घेऊ, जो खर्च होईल तो मी दुकानातून करीन.

दगडाबाईनं विळा बाजूला ठेवला. "कावून फोडायचा? एवढं तोंड धुतलेलं पाणी पाजलंय त्याला. वटा खाली येत न्हाई तर आपुन वर जाऊ."

गावाचा पाझर तलाव तेव्हा कोरडा पडला होता आणि त्यातला गाळ काढायचं काम सुरू होतं. गाळ शेतात जायचा, पण खालचा मुरूम कडेला ढिगानं पडलेला. दुसऱ्या दिवशी बायका घमेली घेऊन गेल्या. ओट्यापुढची जमीन मुरुमानं भरून घेतली, चोपली, आणि वर गहिनीनाथकडून आणलेली शहाबादी अंथरली. तेल पिते म्हणून जिला नापास केलं होतं, ती पायाखाली चालणारच होती, आणि सगळ्या दगडांत स्वस्त. दगडाबाई त्या वर केलेल्या जमिनीवर उभी राहिली, परात ओढली आणि पहिली भाकरी थापली. बरोबर कमरेला. अंग लागत होतं. भाकरी गरगर फिरली.

मग तिनं मल्लम्माला बोलावलं. मल्लम्मा चढून उभी राहिली तर ओटा तिच्या मांडीशी आला. थापायला तिला असं वाकावं लागलं की जणू विहिरीत डोकावतेय. सगळ्या बायका हसल्या आणि यावेळी मल्लम्माही हसली. ती म्हणाली, मी पिठल्याकडं बघीन, भाकरी तुम्ही करा. दगडाबाईला ते मान्य नव्हतं. तिनं सटवाला सांगितलं, टोकाला एका माणसाएवढी जागा उकर, पहिल्या जमिनीपर्यंत. सटवानं उकरली. बाकी सगळी जमीन वर आणि टोकाला एक चौकोनी खड्डा, त्यात उभी मल्लम्मा. आता सगळ्यांचे खांदे एका ओळीत आले.

उद्घाटनाला मोठा पाहुणा आला. फीत कापली, नारळ फोडला. फोटोसाठी सगळे ओट्याला टेकून उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, जरा डावीकडं सरका. साहेब सरकले आणि एकदम वीतभर बुटके झाले. फेटा अर्जुनरावांच्या खांद्यावर आदळला. अर्जुनरावांनी त्यांना कंबर धरून वर काढलं. साहेब सज्जन होते, हसले, आणि विचारलं, हे काय आहे?

"मल्लम्माचा खड्डा हाय साहेब," अर्जुनराव गंभीरपणे म्हणाले. "मंजूर हाय सभेत."

नंतर पाऊस येईपर्यंत त्या गोदामातला जाळ विझला नाही. पहाटे शेगड्या पेटायच्या आणि ऊन डोक्यावर यायच्या आत टोपल्या छावणीत पोहोचायच्या. आठवड्यातून एकदा मल्लम्मा स्वतः वाढायला जायची. एकदा तिथं एक म्हातारा भाकरीचा चतकोर मोडून आधी बैलाच्या तोंडात घालताना तिनं पाहिला. दुसऱ्या दिवसापासून त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला एक भाकरी जास्त जायला लागली, आणि त्यानं ती कुणाला द्यायची हे मल्लम्मानं कधी विचारलं नाही. ओट्यावर तापलेले तवे आदळले, ठेचा वाटला गेला, हळद सांडली. एकाही पट्टीला टवका गेला नाही.

जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला. छावणी उठली. सगळ्यांना वाटलं, संस्था परत पापड-कुरडयांवर जाईल. पण भाकरीची सवय आता गावाला नाही, बायकांनाच लागली होती. दगडाबाईनं बाजरीच्या कडक भाकऱ्या वाळवून पाहिल्या, महिनाभर टिकल्या. मल्लम्मानं त्यासोबत शेंगदाण्याची चटणी घातली. केजला, मग बीडला माल जायला लागला. पुढच्या निवडणुकीत सत्यभामाबाईंनी आपण होऊन खुर्ची सोडली आणि मल्लम्माचं नाव सुचवलं. अध्यक्ष झाल्यावर मल्लम्माची सकाळ गोदामातच जायला लागली.

आणि इकडं घरी अप्पा एकटे. आयुष्यात त्यांनी पाण्याशिवाय काही उकळलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी वरण केलं तेव्हा ते डळमळतं टेबल नेमकं फोडणीच्या वेळी हललं आणि अर्धं वरण पुठ्ठ्यावर गेलं. त्या संध्याकाळी मल्लम्मा आली तर अप्पा टेबलाकडं टक लावून बसले होते.

"आगं," ते म्हणाले, "आपल्याला एक वटा बांधाया पाहिजे."

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बघू."

पण तिनं फार दिवस बघितलं नाही. दोन माणसांच्या स्वयंपाकाला ग्रॅनाइट कशाला म्हणून साधा कडप्पा घेतला, जाड बघून, खाली मधोमध आधार देऊन, म्हणजे दुभंगायचा नाही. शेगडीखाली तेवढा ग्रॅनाइटचा एक तुकडा. सटवा माप घ्यायला आला तेव्हा तिनं अप्पांना हाक मारली, भिंतीशी उभं केलं, कोपरात हात वाकवायला लावला, आणि कोपराच्या चार बोटं खाली सटवाला खडूची रेघ ओढायला सांगितली. अप्पा तिच्या खांद्याला लागायचे. अप्पा म्हणाले, माझं माप कशाला? तर ती म्हणाली की उभं कोण राहणार आहे तिथं.

आता अप्पांना आमटी चांगली जमते, असं तेच सांगतात. मी एकदा दुपारी सामान घ्यायला गेलो, दुकानात कुणीच नव्हतं म्हणून आत डोकावलो, तर अप्पा ओट्याशी उभे होते, खांद्यावर टॉवेल, आणि लिंबाची अर्धी फोड कडप्प्यावर पालथी पडलेली. त्यांनी ती घाईघाईनं उचलली, तळहातानं डाग पुसला, मग माझ्याकडं बघून बोट ओठावर ठेवलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता आणि मल्लम्मा पेठेतून येताना दिसत होती, दोन्ही हातांत रिकाम्या टोपल्या घेऊन, कुणाशी तरी मोठ्यानं बोलत.